दवबिंदू, घाम आणि काही जुने डॉक्टर

मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार ठरलेली असते. विदर्भातून नोकरीसाठी मुंबईकडे आलेला एखादा धट्टाकट्टा तरुण समोर बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, आमच्या नागपूरला ४४ अंशांत मी गाडी चालवतो. इथे ३३ ला बसल्या जागी जीव नकोसा होतो. जरा बीपी बघा." बीपी उत्तम असते. मग तो मोबाइल पुढे करतो. सकाळी सहा वाजता तापमान २७, आर्द्रता ८९ टक्के. दुपारी दोन वाजता तापमान ३३, आर्द्रता ६३ टक्के. "म्हणजे दुपारी हवा कोरडी झाली ना? मग त्रास दुपारी का वाढतो?"

प्रश्न रास्त आहे. गोंधळ त्या टक्क्यांनी घातलेला आहे. हवा कोरडी झालेलीच नाही. सकाळी जेवढी वाफ हवेत होती तेवढीच दुपारीही आहे. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावू शकते, म्हणून तीच वाफ टक्क्यांत कमी दिसते. दहा माणसे छोट्या खोलीत बसली तर दाटी वाटते, मंगल कार्यालयात बसली तर तुरळक वाटतात. माणसे दहाच असतात.

वाफ खरोखर किती आहे हे कळण्यासाठी वेगळा आकडा लागतो. ही हवा थंड करत गेलो तर किती अंशांवर तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागेल? त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. वरच्या उदाहरणात सकाळी दवबिंदू २५ होता आणि दुपारीही २५ च होता. नागपूरच्या ४४ अंशांच्या दुपारी तो पुष्कळदा १२ च्या आसपास असतो. त्या तरुणाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हवामानाचा हा विषय डॉक्टरच्या लेखात कशाला, असे वाटेल. पण या विषयाचा इतिहास चाळला तर वाटेवर जागोजागी डॉक्टरच भेटतात, आणि त्यांना तिथे घेऊन आला तो माणसाचा घाम.

पहिला भेटतो इटलीतल्या पादुआचा सांतोरिओ. या गृहस्थाने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षे तो स्वतःला तोलत राहिला. खाण्यापिण्याचे वजन, मलमूत्राचे वजन, सगळे मांडले, हिशेब जुळेना. १६१४ साली छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिले की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातले सुमारे पाच पौंड न दिसणाऱ्या घामावाटे निघून जाते. आकडा आज जास्त वाटतो, पण त्वचेतून आणि श्वासातून आपण सतत पाणी गमावतो हे त्याने वजनकाट्यावर दाखवले. हा घाम हवेच्या दमटपणावर अवलंबून असणार असे वाटल्याने त्याने दमटपणा मोजायचे साधनही केले. ताणलेल्या दोरीच्या मध्यावर वजन टांगायचे. हवा दमट झाली की दोरी आखडते आणि वजन वर सरकते.

दुसरा फ्रान्सच्या मोंपेलिए गावचा शार्ल ल रॉय, पुढे तिथेच वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक झालेला. १७५१ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने दमट हवा बाटलीत भरून ती पक्की बंद केली. बाटली थंड झाली की आतून दव धरे, गरम झाली की नाहीसे होई. पाणी हवेत विरघळलेले असते आणि ठरावीक तापमानाला ते बाहेर पडते, असा निष्कर्ष त्याने काढला. (विरघळण्याची उपमा पुढे चुकीची ठरली, तापमानाची गोष्ट खरी निघाली.) हे तापमान शोधायची त्याची रीत तर फारच सोपी होती. ग्लासातल्या पाण्यात थोडाथोडा बर्फ घालत जायचे आणि ग्लास बाहेरून कधी धुकटतो ते बघायचे.

तिसरा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस यांनी १७७४ साली काही खोल्या तापवून घेतल्या आणि मित्रांना आत बोलावले. त्यांत डॉक्टर चार्ल्स ब्लॅगडेन होते, वनस्पतींचे जाणकार जोसेफ बँक्स होते. कोरड्या खोलीत ब्लॅगडेन १२७ अंश सेल्सिअसमध्ये काही मिनिटे उभे राहिले आणि ठणठणीत बाहेर आले. त्याच गरम हवेत शेजारी ठेवलेली अंडी घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजला. टोपलीत बसवलेला कुत्राही सुखरूप राहिला. माणूस का शिजला नाही? घाम येता येता वाळत होता आणि अंग थंड ठेवत होता.

त्याआधी फोर्डाइस यांनी जमिनीवर उकळते पाणी ओतून खोली वाफेने भरली होती. तेव्हा तापमान होते फक्त ४९ च्या आसपास, पण हाल झाले ते इथेच. अंगावरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. इतका घाम? फोर्डाइस यांना शंका आली. त्यांनी ३८ अंशांच्या पाण्याने भरलेली काचेची कुपी खोलीत आणली. कुपीवरूनही तसेच ओघळ वाहू लागले, आणि काचेला काही घाम येत नाही. खोलीतल्या हवेचा दवबिंदू अंगाच्या तापमानाहून वर गेला होता, आणि गवतावर दव पडावे तसे माणसावर दव पडत होते. दवबिंदू हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता, कुपी मात्र होती.

घामाचे गणित असे: एक लिटर घाम वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच लिटर थेंबाथेंबाने जमिनीवर गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी आणि मीठ मात्र जाते. "डॉक्टर, घाम भरपूर येतोय, म्हणजे उष्णता बाहेर पडतेय," असे कोणी म्हणाले की मला ती कुपी आठवते.

याच सेंट थॉमस हॉस्पिटलात पुढे विल्यम चार्ल्स वेल्स नावाचे डॉक्टर आले. जन्म १७५७ चा, अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा, आईवडील स्कॉटिश. प्रॅक्टिस कधी फारशी चालली नाही, प्रकृतीही तोळामासा. (सजीवांमध्ये निवड कशी होत असेल, याविषयी त्यांनी १८१३ साली असे काही मांडले होते की डार्विननी पुढे आपल्या पुस्तकात त्याची कबुली दिली. पण ती वेगळी गोष्ट.) या वेल्स यांना दवाचा नाद लागला.

आपण अजूनही म्हणतो, "गच्चीवर झोपू नकोस, डोक्यावर दव पडेल." दव आकाशातून पडते, ही समजूत ॲरिस्टॉटलइतकी जुनी. ते जमिनीतून वर येते, असा दुसरा पक्ष होता. वेल्स १८११ पासून लंडनबाहेरच्या एका मित्राच्या बागेत रात्री जाऊन बसू लागले. साहित्य काय? लोकरीचे पुंजके, तराजू आणि तापमापक. प्रत्येक पुंजका दहा ग्रेनचा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. चार पायांच्या एका फळीवर एक पुंजका ठेवला, एक खालच्या बाजूला लावला. पहाटे वरच्याने १४ ग्रेन पाणी घेतले होते, खालच्याने ४. दव जमिनीतूनच येते म्हणावे, तर खालच्याला जास्त मिळायला हवे होते. मग म्हणावे, वरून पडते. तर खालच्याला ४ ग्रेन कुठून आले? पुट्ठ्याला घराच्या छपरासारखी घडी घालून त्याखाली पुंजका ठेवला, तेव्हा त्याला २ ग्रेन मिळाले आणि उघड्यावरच्या पुंजक्याला १६.

तापमापकांनी उलगडा केला. निरभ्र, निवांत रात्री गवताचे तापमान वरच्या हवेपेक्षा कित्येक अंश खाली जात होते. गवत आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकते, थंड होते, आणि त्याला टेकलेली हवा दवबिंदूखाली गेली की तिच्यातली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. दव वरून पडत नाही, खालून उगवत नाही. गार पडलेल्या पृष्ठभागावर शेजारच्या हवेतून जमते. मधे ढग, छप्पर, अगदी पातळ चादर आली तरी पृष्ठभाग तितका गार होत नाही. मराठवाड्यात गच्चीवर झोपलेल्यांना हे ठाऊक आहे: वरची गोधडी ओलसर, आतली कोरडी, आणि मच्छरदाणीखाली झोपलेला जवळजवळ कोरडा. माळी लोक रोपांवर पातळ चटया टाकतात त्याला आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात हसत होतो, असे वेल्स यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षबागांत कडाक्याच्या रात्री शेकोट्या पेटतात, तेव्हा हीच लढाई चाललेली असते.

वेल्स यांच्या हाताशी हिंदुस्थानातला एक पुरावाही होता. रॉबर्ट बार्कर या अधिकाऱ्याने १७७५ साली लिहिले होते की अलाहाबाद, कलकत्ता या भागांत नैसर्गिक बर्फ दिसत नसताना लोक थंडीच्या रात्री बर्फ तयार करतात. जमिनीत उथळ खड्डे, त्यांत उसाच्या नाहीतर मक्याच्या वाळक्या ताटांचा थर, वर उथळ मातीची भांडी आणि त्यांत पाणी. पहाटे भांड्यांत बर्फ. हे बाष्पीभवनाने होते असे विद्वान सांगत. वेल्स यांनी विचारले, तसे असेल तर वाऱ्याच्या रात्री बर्फ जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात वारा सुटला की होत नाही, असे का? कारण इथेही उष्णता आकाशाकडे जात होती, आणि वारा उबदार हवा आणून पाणी पुन्हा तापवत होता. बर्फ करणाऱ्या त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

बागेतल्या या रात्रींनी वेल्स यांची प्रकृती आणखी ढासळली. आपल्या हाती फार दिवस नाहीत असे वाटून त्यांनी जमलेले सारे घाईने लिहून काढले. 'एसे ऑन ड्यू' १८१४ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले, आणि १८१७ मध्ये ते गेले.

यापुढची काही दशके उपकरणांची आहेत, ती मी भराभर सांगतो. डॅनियल यांनी १८२० मध्ये दवबिंदू थेट दाखवणारे यंत्र केले. जर्मनीत आउगुस्ट यांनी दोन तापमापक शेजारी लावले. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याचा ओल्या मलमलीत गुंडाळलेला. ओल्या फुग्यावरचे पाणी वाळते आणि पारा उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त उतरतो. घामाने भिजलेल्या माणसाचीच ही काचेची प्रतिकृती आहे. ओला फुगा जिथे थांबतो त्याहून खाली घाम आपल्याला नेऊ शकत नाही.

ही जोडी पुढे कामगारांच्या भांडणात उतरली. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो म्हणून लँकेशायरच्या विणकाम शेडमध्ये मालक वाफ सोडत. विणकरांनी विरोध केला, आणि १८८९ च्या ब्रिटिश कायद्याने शेडमध्ये ओला-कोरडा तापमापक लावून दमटपणाला मर्यादा घातली. मुंबईच्या गिरण्यांतही हवा मुद्दाम दमट ठेवत आणि १९२० च्या दशकात सरकारने त्याची चौकशीही करवली. गिरणगावातले जुने लोक साच्याखात्यातल्या गदगदत्या हवेचे वर्णन आजही करतात.

माणसाला नेमके किती सोसते हे मोजले जे. एस. हाल्डेन यांनी. हेही वैद्यकाचे पदवीधर. कॉर्नवॉलच्या खोल टिनखाणींत आणि बंद खोल्यांत ते स्वतः बसले आणि स्वतःच्या शरीराचे तापमान घेत राहिले. १९०५ साली त्यांनी प्रसिद्ध केले ते असे: साध्या तापमापकावरचा आकडा दुय्यम आहे. स्थिर हवेत ओला फुगा ३१ अंशांच्या वर गेला की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. वारा असेल तर आणखी थोडे सोसते. कष्टाचे काम सतत करायचे असेल तर मर्यादा २५-२६ वरच येते.

२०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या अभ्यासकांनी ओल्या फुग्याचे ३५ अंश ही माणसाच्या तगण्याची टोकाची सीमा मांडली. वर्तमानपत्रांनी ३५ उचलला. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना हलकी हालचाल करायला लावून प्रत्यक्ष मोजले तेव्हा दमट हवेत तोल ३० ते ३१ अंशांच्या दरम्यानच सुटला. हाल्डेन यांच्या एका माणसाच्या प्रयोगाच्या इतक्या जवळ. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांतही ओला फुगा ३०.५ च्या वर गेला तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळवायची आणि ३३.५ च्या वर तो जाऊच द्यायचा नाही, असे आहे. चंद्रपूर, वणीकडच्या वाचकांना हे आकडे परके नसतील. उन्हात ओझी वाहणाऱ्या, स्लॅब टाकणाऱ्या माणसासाठी मात्र कोणी ओला फुगा घेऊन उभे नसते.

आता आपल्या तरुणाकडे येऊ. मुंबईच्या ३३ अंशांत दवबिंदू २५, तर ओला फुगा सुमारे २७. नागपूरच्या ४४ अंशांत दवबिंदू १२, तर ओला फुगा सुमारे २३. म्हणून नागपुरात त्याचा घाम दिसण्याआधी वाळतो आणि मुंबईत शर्ट पिळावा लागतो. याचा अर्थ नागपूरचे ऊन निरुपद्रवी आहे असा नाही. तिथे हवाच शरीराहून गरम असते आणि पाणी इतक्या मुकाट्याने जाते की तहान लागेपर्यंत उशीर होतो. दोन्हीकडे धोका आहे; दमट हवेतला धोका तापमापकावर दिसत नाही, एवढेच.

हे मला एका माणसाने शिकवले. मी तेव्हा एमडी करत होतो. ऑक्टोबरचे दिवस, बाहेर ३४ अंश. गोदामात पोती उचलणाऱ्या एका हमालाला त्याचे सोबती घेऊन आले. तिशीचा असेल. असंबद्ध बोलत होता, अंग तापलेले आणि घामाने निथळत होते. उष्माघात म्हणजे कोरडी त्वचा, असे पुस्तकात पाठ केलेले. शिवाय ३४ अंशांत कसला उष्माघात? मी मलेरियासाठी रक्त पाठवले आणि पॅरासिटामॉल दिले. तास-दीड तासाने वरिष्ठ आले, गुदद्वारातून तापमान घ्यायला लावले; ४१ च्या वर. मग ओल्या चादरी, पंखे, बर्फ. तो वाचला, पण मूत्रपिंडे बंद पडली आणि काही आठवडे डायलिसिसवर काढावे लागले. त्याचा भाऊ मला रोज विचारायचा, "साहेब, घाम तर येत होता ना?" तो दीड तास माझ्या खात्यावर आहे.

म्हणून सांगतो. कष्टाचे काम करताना किंवा धावताना येणाऱ्या उष्माघातात त्वचा घामाने चिंब असू शकते. दमट, गरम हवेत कोणी गोंधळल्यासारखे बोलू लागले, लटपटू लागले, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर घाम आहे की नाही हे बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, पंख्याखाली घ्या, मिळाल्यास मान, काख, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

घरातल्या दोन गोष्टी. कूलर नागपूर-अकोल्यात मे महिन्यात उत्तम, कारण तो हवेला ओल्या फुग्याच्या दिशेने खाली नेतो आणि तिथे खाली जायला वीस अंश आहेत. मुंबई-कोकणात, आणि पावसाळ्यात सगळीकडेच, बंद खोलीतला कूलर हवेत वाफ भरतो आणि घाम वाळू देत नाही. तिथे खिडकी उघडी आणि पंखा चालू, हे बरे. एसीच्या नळीतून जे पाणी गळते ती खोलीतली वाफ आहे. गारव्याइतकाच आराम तिच्या जाण्याने मिळतो. हवा ४० च्या पुढे गेली की नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नका, अंग ओले ठेवा. नव्या हवेत आलेल्याने पहिले एक-दोन आठवडे कष्ट बेताने घ्यावेत, तेवढा वेळ शरीराला लागतो. लघवीच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या दिवसांत आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलावे, गोळ्या मनाने बंद करू नयेत.

पुष्कळ हवामान ॲपमध्ये थोडे खाली सरकवले की दवबिंदू दिसतो. साधारण १८ पर्यंत सुखाचे, २१-२२ ला चिकचिक, २५ च्या पुढे घाम वाळेनासा होतो. सौदी अरेबियातल्या दाहरानमध्ये जुलै २००३ मध्ये तो ३५ नोंदला गेला होता, म्हणजे फोर्डाइस यांच्या कुपीच्या जवळपास.

ॲपवर भरवसा नसेल तर ल रॉयचा प्रयोग स्वयंपाकघरात होतो. स्टीलचा पेला बाहेरून स्वच्छ पुसा, अर्धा साध्या पाण्याने भरा, त्यात तापमापक धरा (तापाचा नको, त्याचा आकडा इतका खाली जात नाही). बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून घाला, ढवळत राहा, आणि बोटाने पेल्यावर रेघ ओढून बघा. रेघ उमटली की आकडा वाचा. गेल्या रविवारी दुपारी आमच्याकडे पेला २६ वर धुकटला. संध्याकाळी टेकडीवर जायचे ठरले होते; आम्ही ते दुसऱ्या दिवशी पहाटेवर ढकलले.